कीपर पळवला तो आठवडा

बाळांनो, तुमच्या दोन क्लबांच्या सामन्यावरून तुम्ही भावंडं आठवडाभर एकमेकांशी बोलत नाही, हे परवा फोनवर कळलं. म्हणून कामं बाजूला ठेवून लिहायला बसले. असा अबोला मी आपल्याच घरात पाहिला आहे.

ऐंशीच्या दशकात मुंबईतले बरेचसे मोठे फुटबॉल संघ कंपन्यांचे असत. चांगल्या खेळाडूला कंपनी नोकरी द्यायची, त्यामुळे संघ बदलला की नोकरीही बदलायची. तुमचे पणजोबा, म्हणजे माझे मामंजी, गिरणीच्या संघातून अनवाणी खेळलेले. तुमचे धाकटे आजोबा, माझे भाऊजी, त्याच संघाचे गोलकीपर. साकीनाक्याच्या एका कारखान्याचा संघ त्यांचा जुना वैरी. त्या कारखान्यातल्या माणसाकडून मामंजी विडीसाठी काडीसुद्धा मागत नसत.

मग गिरण्यांचा संप झाला आणि लांबतच गेला. भाऊजी वर्षभर घरी बसून. गिरणी उघडेल या आशेवर त्यांच्या सोबत्यांनी संघ कसाबसा धरून ठेवला होता. अशात नेमकी त्या कारखान्यानेच भाऊजींना कायमची नोकरी देऊ केली, आणि भाऊजींनी होकार दिला.

संघ बदलायचा तर वर्षातल्या एका ठरलेल्या आठवड्यातच. त्या दिवसांत खेळाडूला चक्क लपवून ठेवायची रीत होती, नाहीतर दुसरे गाठून मन वळवत. मी भाऊजींना मुलुंडला माझ्या मावशीकडे पाठवलं. इकडे घाटकोपरला आमच्या चाळीच्या जिन्यात गिरणीचे तीन खेळाडू सकाळपासून ठाण मांडून. "वहिनी, चहा नको, कीपर द्या," म्हणून हसायचे, पण हलायचे नाहीत. मामंजी तासातासाला विचारत, "खंय ठेवलंस गो तेका?"

"मला नाही माहीत."

इतकं खोटं मी कधी बोलले नव्हते. भाजीत मीठ दोनदा पडलं. दाराशी पाऊल वाजलं की हातातलं काम सुटायचं.

शेवटच्या दिवशी फॉर्म कारखान्यात भरून पाचच्या आत शहरातल्या फुटबॉल संघटनेच्या कचेरीत पोचवायचा होता. दाखले, मी इंग्रजीत लिहिलेला अर्ज, फोटो, सगळं क्रमाने लावून मी साकीनाक्याला गेले. भाऊजी मुलुंडहून आधीच आले होते. कारखान्याच्या संघाच्या सेक्रेटरींनी फोटो पाहिला आणि टेबलावर उलटा ठेवला. भाऊजींचा सुटा फोटो मला मिळाला नव्हता, म्हणून मी संघाच्या फोटोतून त्यांचा चेहरा कापून घेतला होता. गळ्याशी गिरणीच्या जर्सीची पट्ट्यांची कॉलर स्वच्छ दिसत होती.

"आमच्या फॉर्मवर त्यांचा शर्ट? माझी वाट लागेल, वहिनी!"

"चेहरा तर यांचाच आहे ना?"

"चेहरा कोण बघतो हो!"

भाऊजी म्हणाले, "एवढं बी.ए. केलंत वहिनी, कॉलर नाही कापता आली?" पण त्यांचा पाय टेबलाखाली सारखा हलत होता.

नाक्यावरचा स्टुडिओवाला म्हणाला, फोटो उद्या. एक वाजून गेला होता. मॅट्रिकच्या वेळचा एक फोटो घरी होता, पण मामंजींच्या ट्रंकेत, आणि तिची किल्ली त्यांच्याजवळ. मी रिक्षा केली. जिन्यातल्या तिघांना ओलांडून वर गेले आणि मामंजींना सगळं खरं सांगितलं.

त्यांनी कनवटीची किल्ली काढली. मग उठून ट्रंक उघडली. "घे. हेच्यात तेच्या आंगार कोणाचोच शर्ट नाय."

खरंच, शाळेचा पांढरा सदरा होता.

मी खाली निघाले तसा जिन्यातला एकजण माझ्यामागे उठला. मामंजी दारातून ओरडले, "आत येवा रे तिघांव! चाय घेवा!" त्यांचा शब्द मोडायची तिघांचीही हिंमत नव्हती.

साकीनाक्याला फोटो चिकटवून साडेचारला फॉर्म कचेरीत पोचला. त्यानंतर मामंजी भाऊजींशी पूर्ण मोसम बोलले नाहीत. भाऊजींच्या प्रत्येक सामन्याला मात्र जात आणि भाऊजींच्या समोर, दुसऱ्या टोकाच्या गोलपोस्टमागे उभे राहत.

आज ती गिरणी नाही. कारखान्यानेही आपला संघ कधीच बंद केला. त्या नोकरीवर घेतलेलं बोरिवलीचं घर आहे. धाकटे आजोबा तिथे राहतात, आणि जिन्यातल्या तिघांपैकी दोघं अजून दर रविवारी त्यांच्याकडे येतात.