अण्णांना न मानवलेली गाडी

जुनी व्हॅन विकली तेव्हा अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, अर्धांगवायू होऊन दोन वर्षं झाली होती. उजवी बाजू गेलेली. पण व्हॅनचं दार बाजूला सरकायचं, आतली सीट उंच होती. चाकाची खुर्ची दाराला भिडवायची, मी काखेत हात घालायचो, बायको पाय उचलायची, की अण्णा आत. दर रविवारी आम्ही त्यांना नांदेडहून बिलोलीला आत्याकडे नेत असू. ती त्यांची थोरली बहीण, एकटीच राहायची. दोघं ओट्यावर बसत, फारसं बोलत नसत. दुधात भाकरी कुस्करून ती त्यांना आपल्या हातानं भरवी.

व्हॅन मात्र थकली होती. उन्हाळ्यात आत भट्टी व्हायची, नायगावच्या पुढं दोनदा बंद पडली. ऑफिसात सगळ्यांकडे नव्या गाड्या. मीही पांढरी सेडान घेतली, एसीवाली, आवाज न करणारी. घेण्याआधी मागच्या सीटवर मी स्वतः बसून पाहिलं होतं. अण्णांना बसवून पाहायचं सुचलं नाही.

पहिल्याच रविवारी कळलं. सीट खाली, छत खाली. अण्णांची मान वाकेना, पाय आत वळेना. शेजाऱ्यालाही बोलावलं. तिसऱ्या खेपेला त्यांचं कपाळ दाराच्या चौकटीवर आदळलं. त्यांनी डाव्या हातानं मला थांबवलं.

"राहू दे. गाडी चांगली हाय. माझंच अंग वळून न्हाई राहिलं."

पुढच्या रविवारी भाड्याची व्हॅन आणतो, असं मी म्हणालो. मग ऑडिट निघालं, मग मुलीची परीक्षा. अण्णांनी कधी आठवण करून दिली नाही. आत्याचा फोन मात्र यायचा.

"कधी आणायलास रे माझ्या भावाला?"

"येत्या रविवारी, आत्या."

असे चार महिने गेले. एका गुरुवारी सकाळी बिलोलीहून तिच्या शेजाऱ्यांचा फोन आला. आत्या झोपेतच गेली होती.

अर्ध्या तासात भाड्याची व्हॅन दाराशी आली आणि अण्णा मिनिटभरात आत बसले. इतकं सोपं होतं ते.

तिथं त्यांची खुर्ची आत्याजवळ नेली. त्यांनी डावा हात तिच्या कपाळावर ठेवला आणि तो बराच वेळ उचलला नाही. शेजारची बाई म्हणाली, "लई वाट बघितली हो तुमची. रविवारी दुपारपर्यंत जेवत नव्हती."

संध्याकाळी परतताना मी त्यांच्या शेजारी बसलो होतो. नरसी मागे पडल्यावर अण्णांनी विचारलं, "तिला सांगितलं होतंस न्हवं, मला गाडीत बसता येत न्हाई म्हणून?"

"हाव," मी म्हणालो.

सांगितलं नव्हतं.