कापलेले काठ

हे मी कुणाजवळ बोललो नाही. घरातही नाही. आज तुम्हाला सांगतो आहे — का, ते मलाही नीट सांगता येणार नाही.

मी चिखलीत चित्रकला शिकवतो. माझा छंद इथे जरा विचित्रच वाटेल — स्पेनमधल्या एका जुन्या उस्तादाची बैलझुंजीची चित्रं जमवायची. तांब्याच्या पत्र्यावर कोरलेली, मग कागदावर दाबून छापलेली. पहिल्या वीस वर्षांत तीन मिळाली. ती माझ्यासोबत बघणार कोण? एकटे रशीदभाई. बाजारात त्यांचं फ्रेमचं दुकान. पहिलं चित्र पाहून म्हणाले होते, "पोळा नसते काय सर, या लोकायच्या गावात? शिंगाले बेगड लावाची सोडून भाले मारून राह्यले." मग बराच वेळ बैलाकडे बघत राहिले. इतकं मीही बघितलं नव्हतं.

तिसरं चित्र मोठं होतं. मला तिन्ही एका मापात हवी होती, भिंतीवर ओळीने. मी म्हटलं, काठ कापा.

"नका कापू सर. पत्र्याचा दाब उमटला हाय काठाले, तेच त असल छापाची खूण. मी चौकट मोठी करून देतो ना."

मी ऐकलं नाही. पुन्हा तेच सांगितलं. त्यांनी कापलं.

काही दिवसांनी पुण्याचे एक जाणकार संग्रह बघायला आले. तिसरं चित्र काच बसवायला दुकानातच होतं, म्हणून त्यांना तिथे नेलं. त्यांनी चित्र हातात घेतलं नि हसले. "अहो, हे कापलं कुणी? शिंप्याने?"

रशीदभाई समोरच उभे. माझ्याकडे बघत होते. एक वाक्य पुरलं असतं — नाही का? मी म्हणालो, "इथल्या कारागिरांना कुठलं कळतंय हे."

आता ते खरं सांगतील, असं वाटलं. ते म्हणाले, "हाव साहेब. चुकी झाली माह्याकडून." आणि काच पुसायला लागले.

चित्र घरी आलं, सोबत एक पाकीट. आत कापलेल्या चार पट्ट्या, दाबाच्या खुणेसकट, जपून ठेवलेल्या. चिठ्ठी नव्हती.

सात वर्षं झाली. दुकान तिथेच आहे. मी शाळेत लांबच्या रस्त्याने जातो. चौथं चित्र मिळालं — ते बिनफ्रेमचं कपाटात पडून आहे. दाखवणार कुणाला?

गेल्या महिन्यात शाळेतले एक नवे शिक्षक घरी आले. भिंतीवरच्या तिसऱ्या चित्रासमोर थांबून त्यांनी विचारलं, याचे काठ कुठे गेले? पट्ट्या हाताशी, टेबलाच्या खणात होत्या.

मी म्हणालो, कारागिराने कापले.