खमीर जागं होईपर्यंत

लोणारची एस.टी. स्टँडवर थांबते, आमच्या बेकरीसमोर नाही. त्या दिवशी थांबली. कंडक्टर खाली उतरला, टोपी हातात घेतली आणि म्हणाला, "वहिनी, कुसुमबाई गेल्या. पहाटे. हार्टफेल." कुसुम माझी धाकटी नणंद, अलीकडे लोणारच्या शाळेत विज्ञान शिकवायची. आदल्या रविवारी चिखलीला येऊन जेवून गेली होती, भाजीत मीठ कमी आहे हेही सांगून गेली होती. हे आत पीठ मळत होते. त्यांना सांगितलं, भट्टीतले पाव काढले, आणि परतीच्या गाडीनं आम्ही निघालो. आता महिना होऊन गेला. भेटायला येणारे ती किती प्रेमळ होती ते सांगतात. प्रेमळ असेल... पण आधी हट्टी होती, आणि समोरच्याची चूक तोंडावर सांगायची. आमची भट्टी आज पेटते ती त्या हट्टापायी, म्हणून हे लिहिते आहे.

महाराष्ट्र नुकता झाला होता तेव्हाची गोष्ट. यांनी खामगावला पाव भाजायचं काम शिकून चिखलीत बेकरी काढली. मामंजींचा भाजीचा मळा. त्यांना हा उद्योग मुळीच पसंत नव्हता. "पाव मंजे बिमाराचं खाणं," ते म्हणायचे, "गावात इतके बिमार कोठून आणशीन?" हिवाळ्यात पाव छान फुगायचा. होळी झाली की बिघडायचा. बसका, आत चिकट, गिऱ्हाईक परत आणून द्यायचं. खमीर डब्यातून यायचं, वाळवलेल्या यीस्टचे बारीक दाणे. हिवाळ्यात पीठ गारठतं म्हणून ते भिजवायला पाणी तापवून घ्यायचो, उन्हाळ्यात माठातलं घ्यायचो. बसच्या टपावर तापत आलेली जिवंत वस्तू, तिला गारवा मिळावा, अशी घरातल्या सगळ्यांचीच समजूत. शेवटी मामंजींनी अक्षय्य तृतीयेची मुदत देऊन निकाल दिला, "आखाजीपर्यंत पाव उठला तं ठीक. नाही तं भट्टी मोडा, जागा सरकीच्या पोत्याईले देतो." यांचं तोंड उतरलं. यांना दुसरं काम येत नव्हतं, आणि बापाच्या हाताखाली वांग्यांना पाणी देण्याची तयारी नव्हती.

कुसुम तेव्हा चिखलीतच शिकवत होती. हेडमास्तरांना विचारून तिनं शाळेचा मायक्रोस्कोप घरी आणला, आमच्या भिजवलेल्या खमिराचा थेंब काचेवर घेतला, त्यात निळा रंग सोडला आणि मला म्हणाली, "पाहा." बारीक गोल ठिपके दिसले, बहुतेक निळे.

"निळे थे मेले, वहिनी. जित्या पेशीले बाहेरून पडदा असते. थो रंगाले आत राहू देत नाही."

"कशानं मेले?"

"तुमच्या माठानं. वाळलं का थो पडदा आखडते, चिरते. गार पाण्यात त्याले सांधाले फुरसत भेटत नाही. आतलं सत्त्व भायेर वाहून जाते."

मामंजी ओसरीवरून ओरडले, "पोरगी बीएस्सी झाली अन् पावात अळ्या पाहून राह्यली!"

"अळ्या नाही, बाबा. तुमचा लेक जेवते थ्या धंद्याचा जीव हाये." मग माझ्याकडे वळून तिनं विचारलं, "भर उन्हातून पावणा आला तं त्याले पह्यले काय देता?"

"गुळाचा खडा. पाणी त्यामागून."

"काऊन?"

"एकदम गार पाणी बाधते म्हणून."

"मंग यानं काय घोडं मारलं?"

तिनं तान्ह्या बाळाला न्हाऊ घालावं एवढं कोमट पाणी घेतलं, त्यात चिमूटभर साखर टाकली, वर खमीर भुरभुरलं आणि पातेलं झाकलं. ढवळायलासुद्धा मनाई. नंतर पुन्हा काचेवर थेंब घेतला तेव्हा निळे ठिपके शोधावे लागले. फाटका पडदा पेशी स्वतःच सांधते, आपण तिला ऊब आणि वेळ द्यायचा, असं ती म्हणाली. यातून कुणाला माणसांविषयी बोध काढायचा तर काढावा. तिला तसली भाषणं आवडत नसत. आखाजीला मामंजींनी आमच्या पावाचा तुकडा आंब्याच्या रसात बुडवून खाल्ला. "पोळीची सर नाही," म्हणाले, आणि दुसरा घेतला. सरकीचा विषय पुन्हा निघाला नाही.

लोणारला बदली होईपर्यंत ती रोज शाळेआधी बेकरीत यायची. मैद्याच्या पोत्यावर बसून चहा प्यायची आणि पातेल्यावर पहारा करायची. खमीर भिजतं तेवढा वेळ मला कुणी काम सांगत नसे, कारण काम चालू असायचं. त्या वेळात आम्ही कुणाकुणाची निंदा केली ते इथं लिहिण्यासारखं नाही. पुढे ती लोणारला गेली तरी तेवढा वेळ मी बसतच राहिले.

परवा खमीर भिजत असताना हे आत आले आणि त्याच पोत्यावर टेकले. बहीण गेल्यापासून हा माणूस तिच्याविषयी एक शब्द बोललेला नाही. "अजून किती येळ?" त्यांनी विचारलं. "बसा थोडं," मी म्हटलं. झाकणाच्या कडेनं फेस वर आला, खमीर जागं झालं होतं. दोघांनीही पाहिला... कुणीच उठलं नाही. त्या दिवशी पाव उशिरा निघाले. पाव न्यायला आलेला दवाखान्याचा माणूस दारात कुरकुरत होता, त्याला चहा पाजला.