वेसेल बोथमाची तेल प्यायलेली रायफल

वेसेल बोथमाची सगळी मर्दुमकी त्याच्या आजोबांच्या रायफलीत होती. दक्षिण आफ्रिकेतल्या लिम्पोपोतल्या त्या शेतावर पाहुणा आला की बिल्टाँगची, सुकवलेल्या मांसाची, बशी येण्याआधी ती यायची: जाड नळीची, रानरेडे नि हत्तींसाठी घडवलेली. आजोबांनी लोळवलेल्या हत्तींचा आकडा दर पाहुण्यागणिक फुगायचा. वेसेलने स्वतः मात्र लग्नानंतर ती एकदाही झाडली नव्हती. "काडतुसं महाग झालीत," म्हणायचा. धक्क्याला खांदा घाबरतो, असं नाही म्हणायचा. दर रविवारी चर्चहून आल्यावर तिला तेलाने न्हाऊ घालायचा आणि लोखंडी कपाटात नळी वर करून उभी ठेवायचा. पोटच्या पोरीचे इतके लाड त्याने केले नव्हते, हे त्याची बायको डालेना विसरली नव्हती.

ती पोर, एल्साबे, शिकारीच्या तळावर वाटाड्याचं काम शिकत होती. दुसऱ्या दिवशी ती पाहुण्यांबरोबर प्रथमच रानरेड्यांच्या मागावर जाणार होती. वेसेलने फर्मान काढलं, "बोथमांची पोर तळावरची बंदूक नेणार नाही. हीच नेईल."

डालेना मध्ये पडली. "आधी झाडून दाखव."

"हिची परीक्षा घेणारी तू कोण?"

तिने रायफल टेबलावर आडवी घेतली. बोल्टच्या मागे, मुठीपाशी लाकडी दस्ता काळाकुट्ट होता. नख दाबलं तर रुतलं आणि तेल वर आलं.

"वेसेल, वरचं तेल झिरपून लाकूड सडलंय."

"मुरलंय म्हण! बायकांना काय कळतंय यातलं."

"पा, मग झाडाच ना तुम्ही," एल्साबे म्हणाली. "की मी झाडू?"

"तू हात लावायचा नाहीस!" डालेना ओरडली.

आता पोरीसमोर माघार घेणं वेसेलला जड गेलं. कुंपणापलीकडच्या वारुळावर त्याने नेम धरला, डोळे मिटले आणि चाप ओढला. धक्क्यासरशी दस्ता मुठीपाशी उभा फाटला. वेसेल मागच्या मागे बसला, बोट सोलवटलेलं. वारूळ जसंच्या तसं.

"काडतूसच फार कडक होतं," तो बोट चोखत म्हणाला.

"आणि वारूळ सरकलं असेल, पा."

डालेनाला हसू फुटलं नाही. तिला अंगावर येणारा रेडा दिसत होता आणि पोरीच्या हातात हे फाटलेलं लाकूड.

"तळावरचीच ने," ती म्हणाली.

"माझ्या बोटाचं कुणाला काही आहे का?" वेसेलने मागून विचारलं.

"कापूस कपाटात आहे," डालेना मान न वळवता म्हणाली, आणि एल्साबेचा दंड धरून तिने विचारलं, "तळावरची ती बंदूक शेवटची कुणी झाडली? कधी?"