आवाज चढला की डोळा मिटायचा

कानात कॉक्लियर इम्प्लांट बसवल्यावर मला पुन्हा ऐकू यायला लागलं होतं. जयनगरच्या सभेत मी आमचं निषेधाचं पत्रक तावातावानं वाचत होते, तर पुढे बसलेली माझी अक्का खुणा करायला लागली. परतताना रिक्षात म्हणाली, "अगं, वस्तीचं पाणी तोडणाऱ्यांना शिव्या देतेस आणि डोळा कुणाला मारतेस?"

मी हसले. घरी आरशापुढे तेच वाक्य ओरडून म्हटलं. उजवा डोळा गच्च मिटला, ओठाचा कोपरा वर ओढला गेला. मी हादरलेच. माझाच आवाज माझं तोंड वेडंवाकडं करत होता!

"आवाज मोठा झाला की इम्प्लांटची वीज वाढते आणि चेहऱ्याच्या नसेला लागते," दवाखान्यात इम्प्लांट तपासून ऑडिओलॉजिस्ट म्हणाल्या. "काहींना होतं असं. आतल्या तारेवरचे दोन इलेक्ट्रोड बंद करू, पण ऐकू येणं थोडं बदलेल."

"हे ऑपरेशनआधी का नाही सांगितलंत?" माझा आवाज चढला आणि त्यांच्यासमोरच डोळा मिटला.

त्यांनी इलेक्ट्रोड बंद केले. मी पत्रकातलं वाक्य पुन्हा ओरडले. चेहरा जागचा हलला नाही. सोबत आलेली अक्का काहीतरी बोलली, ते पत्र्याआडून आल्यासारखं पुसट ऐकू आलं.

"स्वल्प, थोडं जोरात बोल, अक्का," मी म्हणाले.