कडा कापलेले फोटो

आमच्या ह्यांना गल्लीत सगळे सुभेदार म्हणतात. खरं तर ते हवालदार म्हणूनच निवृत्त झाले, पण लोकांनी परस्पर बढती देऊन टाकली आणि ह्यांनी ती नाकारली नाही. फौजेत गाड्या दुरुस्त करायचे. उभी नोकरी पलटणीबरोबर परमुलखात गेली. सुट्टीला यायचे, पाहुण्यासारखे राहायचे, बुटांना पॉलिश करून पुन्हा चालू लागायचे. आताही बूट रोज चमकतात. जायचं कुठं, तर दूध आणायला.

जीव कशात म्हणाल, तर अल्बममध्ये. जाड पुठ्ठ्याचे, काळ्या पानांचे. दर सुट्टीला एक भरून आणायचे. फोटोच्या कोपऱ्यांना कागदी टोप्या आणि खाली पांढऱ्या पेन्सिलीनं ओळ: ‘तळावरचं वर्कशॉप’, ‘वाळूत रुतलेला ट्रक’, ‘मंडळी, रविवार’. फोटो मात्र कधी एका मापाचे नसायचे. एक उभट, तर दुसरा पट्टीएवढा चिंचोळा. विचारलं की म्हणायचे, “पानावर नीट बसायला नको? कडेचं फालतू कापून टाकतो.” नखंसुद्धा वार बघून कापणारा माणूस. मला ते पटलं.

एका फोटोत पायरीवर चौघं बसलेत. त्यात ह्यांचा दोस्त लांब्या, वायरलेसवाला. त्याच्या खांद्यावर कुणाचा तरी हात आहे, पण हाताचा मालक नाही. “हा कोण हो?” मी एकदा म्हटलं. “आचारी,” हे म्हणाले. बरं, असेल आचारी.

लग्न झाल्या झाल्या मी म्हटलं होतं, मला तिकडे न्या. म्हणाले, “बायकामुलांना परवानगी नाही. नियम आहे.” नियमापुढं मी काय डोकं आपटणार? इकडे सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या. त्यांचं सगळं मी केलं, शेवटच्या घोटापर्यंत, आणि आवडीनं केलं, खोटं कशाला बोलू. मला आई आठवतच नाही, त्यामुळे त्याच माझी आई. मी रडायला लागले की हात हातात घेऊन म्हणायच्या, “नियमच मेला तसा, पोरी. नाहीतर त्यानं तुला इथं ठेवलं असतं का?” मग मी डोळे पुसून अल्बम काढायची. आमची मुलगी तर बापाला फोटोतच बघत वाढली. बाबा कुठंयत विचारलं की कपाटाकडे बोट दाखवायची. लोक हसायचे. मीही हसायची, वेडी.

परवा लांब्या आणि त्याची बायको आली. मुलाकडे राहायला आलेत म्हणे याच गावात. मी बाईंना पहिल्यांदाच बघत होते. चहा झाला, आणि मी कौतुकानं अल्बम काढले. ह्यांनी “कशाला आता” असं दोनदा म्हटलं. मला वाटलं, लाजतायत.

बाई पायरीच्या फोटोशी थांबल्या. “अगंबाई, ही तर आमच्या क्वार्टरची पायरी. आणि हा माझा हात.”

मी म्हटलं, “तो आचारी आहे.”

त्या हसायला लागल्या. मोबाइल काढून त्यांनी तोच फोटो दाखवला, पुरता. लांब्याच्या मागे त्या उभ्या, कडेवर धाकटा. बाजूला आणखी दोन बायका, पुढं मातीत बसलेली पोरं. “तुम्हीच का नाही आलात हो वहिनी? तुमच्या नावची क्वार्टर शेजारीच होती, रिकामी. आमची पोरं तिथं लपाछपी खेळायची. भावजी म्हणायचे, बायकोला परमुलूख नको वाटतो.”

मी ह्यांच्याकडे बघितलं. हे उठले आणि म्हणाले, “दूध घेऊन येतो.” दूध सकाळीच आलं होतं.

पाहुणे गेल्यावर मी सगळे अल्बम जमिनीवर मांडले. एकदा कळल्यावर काय, दिसायलाच लागतं. इथं खुर्चीचा अर्धा पाय, तिथं दोरीवर वाळणाऱ्या लहान मोज्याचं टोक. एका ठिकाणी बाई कापली होती, पण जमिनीवर पडलेली तिच्या झग्याची सावली कापायची राहिली होती. केवढा उपद्व्याप. प्रत्येक वेळी हा माणूस कात्री घेऊन बसला असेल, जीभ दातात धरून, आणि मी ते फोटो उशाशी घेऊन झोपत होते.

हे पिशवी घेऊन परत आले आणि दारातच उभे राहिले.

“आईला कोण बघणार होतं?” आपणहून म्हणाले.

“मीच बघितलं असतं. विचारायचं होतं. मी हो म्हटलं असतं. राहण्याचं दुःख नाही मला. तुम्ही मला विचारण्याच्या लायकीचीही समजला नाहीत.”

“मी विचारणार होतो.” पिशवी खाली ठेवली. “अर्जही भरला होता तुझ्या नावाचा. आई म्हणाली, विचारू नकोस, ती जाईल. नियमात बसत नाही म्हणून सांग. पुढचं मी बघते.”

मी भिंतीला टेकून खालीच बसले. नवऱ्यानं फसवलं ते एक वेळ गिळलं असतं. पण त्या हात धरून बोलायच्या. त्यांचे पाय चोळता चोळता मी ह्यांची बाजू घ्यायची, आणि त्या मान डोलवायच्या. त्या गेल्या तेव्हा मी पोटच्या पोरीसारखी रडले होते. आता भांडू कुणाशी?

ते जवळ आले. या वयात गुडघे धरत धरत खाली बसले.

“माझ्याशी भांड,” म्हणाले. “काय बोलायचं ते बोल. ऐकून घेतो.”

मी त्यांच्याकडे बघत राहिले. कपाळावरचा व्रण कशाचा, तेही मला माहीत नव्हतं.

“तुमच्याशी भांडायला,” मी म्हटलं, “आपली तेवढी ओळख कुठं आहे?”