फिलरेचा मरण्यातला आनंद

बुसानच्या मासळी बाजारात थाक आडनावाच्या फिलरेचा आवाज ओळखत नाही असा माणूस नाही. माशाच्या वड्या काडीत ओवून उकळत्या रश्शात सोडायच्या आणि समोरच्या रस्त्यावरचं गिऱ्हाईक नुसत्या हाकेनं ओढून आणायचं, हा तिचा धंदा. नवरा इनबे याच्या अगदी उलट. जाड भुवया, रुंद जबडा, बघणाऱ्याला वाटावं हा आता कानाखाली वाजवणार. आणि तोंड उघडलं की मांजराच्या पिल्लालाही 'जरा सरकता का' म्हणेल असा माणूस.

त्या चेहऱ्यानंच घोटाळा केला. बाजाराच्या मागच्या बंद पडलेल्या जहाज कंपनीच्या कचेरीत एका सिनेमाचं शूटिंग चाललं होतं. कामाच्या ओझ्याखाली पिचलेली एक कारकून मुलगी आपल्या वरिष्ठांना एकामागून एक संपवते, अशी थरारक गोष्ट. पहिला बळी म्हणजे शाखाप्रमुख. वड्या खायला आलेल्या दिग्दर्शिका बांगनं इनबेला पाहिलं आणि तिथल्या तिथे ठरवून टाकलं, "काका, माझे शाखाप्रमुख तुम्हीच."

इनबे आठवडाभर आरशापुढे उभा राहून ओरडायचा सराव करत होता. शेजाऱ्यांना वाटलं, त्याचा घसा बसलाय.

शूटिंगच्या दिवशी फिलरे दुपारी सगळ्यांसाठी रश्शाचं पातेलं घेऊन गेली. आत इनबे कोट घालून टेबलामागे उभा, समोर मान खाली घालून नायिका दाओन. इनबेनं मूठ आपटली, पण हळूच, टेबलाला लागेल म्हणून. मग म्हणाला, "हे... हे काम असं करतात का हो?"

"कट!" बांगनं कपाळ धरलं. "काका, 'हो' नाही! तुम्ही तिला हाकलून देताय, चहा विचारत नाही आहात!"

"पोरगी घाबरलेली दिसते हो," इनबे म्हणाला.

"अहो, ती नटी आहे. घाबरण्याचेच पैसे घेते." फिलरेनं पातेलं खाली ठेवलं. "आणि ओरडायचं असं असतं होय? सरका जरा."

ती टेबलाशी गेली तेव्हा गंमतच करायची होती तिला. पण समोर ती झुकलेली मान दिसली, एकमेकांत घट्ट गुंतवलेली बोटं दिसली आणि तिचा आवाज बदलला. तो नेहमीचा बाजारातला आवाज नव्हता, खालचा आणि थंड होता.

"मान वर कर. वर कर म्हणते ना! हाताला गंज चढलाय का? रडतेस कशाला, आई मेली का तुझी? तुझ्यासारख्या ढीगभर पोरी फाटकाबाहेर उभ्या आहेत. नको असेल तर जा, आत्ता जा. आणि मूत आलं तर दाबून धर, मशीन थांबणार नाही."

दाओनच्या डोळ्यांतून खरंच पाणी गळत होतं. बांगनं कॅमेरावाल्याकडे पाहिलं, त्यानं अंगठा दाखवला. त्यानं सगळं टिपलं होतं.

फिलरे भानावर आली ती धावलीच. "अगं माझी बाय! मी तुला नाही बोलले गं, शप्पथ!" तिनं पदरासारखं ॲप्रन पुढे करून मुलीचे डोळे पुसले आणि एक वडी तिच्या तोंडात कोंबली. "खा. गरम आहे, फुंकून खा."

"मावशी," दाओन तोंड भरलेलं असतानाच म्हणाली, "हे संवादात नव्हतं. कुठून आणलंत?"

मग फिलरेनं सांगितलं. सोळाव्या वर्षी ती बुटांच्या कारखान्यात लागली होती. तिथला मुकादम ब्योन हेच बोलायचा, अगदी याच शब्दांत, आणि बोलणं संपलं की हातातल्या बुटाच्या तळव्यानं पोरींच्या पाठीत मारायचा. इनबे ऐकत राहिला. इतक्या वर्षांच्या संसारात हे त्यानं पहिल्यांदा ऐकलं.

"मला कधी बोलली नाहीस गं," तो म्हणाला.

"तुम्ही रडला असतात."

आणि खरोखरच तो रडत होता. डोळे पुसतच त्यानं कोट काढून बायकोच्या खांद्यावर घातला.

अशी फिलरे शाखाप्रमुख झाली. मरायचं दृश्य दुसऱ्या दिवशी होतं. कागदाला भोकं पाडायचं जडसं यंत्र दाओन तिच्या डोक्यात घालणार होती. यंत्र रबरी होतं. "मावशी, लागलं तर सांगा हं," दाओन म्हणाली.

"लागायची काळजी करू नकोस. नीट घाल. हा ब्योन आहे असं समज." पण पहिल्या फटक्याला फिलरेला हसू फुटलं. दुसऱ्या वेळी ती पडली, पण पडल्यावर हळूच स्कर्ट गुडघ्यांवर ओढून घेतला. "मेलेली बाई स्कर्ट सावरत नाही, मावशी!" बांग ओरडली. "ही मेलेली सावरते," फिलरे डोळे मिटूनच म्हणाली. सगळं युनिट खिदळायला लागलं. शेवटी कशीबशी ती मेली, पण ओठांच्या कोपऱ्यात हसू राहिलंच. बांगनं ते तसंच ठेवलं.

सिनेमा लागला तेव्हा फिलरेनं कारखान्यातल्या मैत्रिणी शोधून शोधून गोळा केल्या. कुणाची कंबर गेलेली, कुणी नातवाला घेऊन आलेली. जोंगसुक तर काठी टेकत आली. पडद्यावर फिलरेनं तोंड उघडताच सगळी रांग ताठ झाली.

"अगं बाई," जोंगसुक पुटपुटली, "ब्योनच की हा!"

"थांब, आता बघ त्याचं काय होतं ते."

यंत्र डोक्यात बसलं आणि भर थिएटरात म्हाताऱ्यांची अख्खी रांग उठून टाळ्या वाजवायला लागली. मागून कुणीतरी चिडून म्हणालं, "आजी, बसा ना, इथं खून चाललाय!" "म्हणूनच तर!" जोंगसुक काठी उंचावून म्हणाली. सिनेमानंतर त्या सगळ्या भाड्याच्या कराओके खोलीत शिरल्या आणि गळे बसेपर्यंत गात राहिल्या. इनबे कोपऱ्यात डफली वाजवत होता, तालाबाहेर, पण मनापासून.

आता संध्याकाळी कचेऱ्या सुटल्या की टाय सैल केलेली पोरं फिलरेच्या वड्यांच्या गाडीशी येतात. "मावशी, सिनेमातल्यासारखं ओरडा ना एकदा."

फिलरे कमरेवर हात ठेवते, त्यांच्याकडे रोखून बघते आणि बाजार दणाणेल अशा आवाजात ओरडते, "दुपारपासून जेवला नाहीस ना? तोंड बघ तुझं! बस खाली!"

पोरं हसत बसतात. इनबे रस्सा वाढायला घेतो.